कोपऱ्यावर गिअर वाजला नाही तर

बोलोन्या, सप्टेंबरचा शेवट

तीर्थस्वरूप मिरेल्लाताईस,

धाकट्या ओरियानोचा वाकून नमस्कार (कंबर धरली आहे, म्हणून अर्धाच वाकलो आहे, उरलेला तू समजून घे) आणि दोन्ही गालांवर एकेक मुका. इकडे सगळं क्षेमकुशल. आईची तब्येत उत्तम आहे, म्हणजे ती रोज निदान एकदा तरी मला गाढव म्हणते. ज्या दिवशी म्हणत नाही त्या दिवशी मीच घाबरून डॉक्टरांना फोन करतो. तुझा गुडघा काय म्हणतो? दाविदे आणि त्याची छोटी लेक बरी आहेत ना? तिकडे बोरा वारा सुटला असेल तर गच्चीवर कपडे वाळत घालू नकोस. गेल्या वर्षीची तुझी चादर एव्हाना व्हेनिसला पोहोचली असेल.

परवा फोनवर तू म्हणालीस की गाडी चालवणं सोडल्यापासून बसच बरी पडते, खिडकीतून समुद्र दिसतो, डोक्याला ताप नाही. मी हे आईला सांगितलं. ती पीठ मळत होती. मान वरसुद्धा न करता म्हणाली, "मिरेल्ला 'बरं आहे' म्हणते ना, तेव्हा तिचं काही बरं नसतं." ताई, एका दगडी खांबाला गाडी मागून लागली, त्यात छोटीला साधं खरचटलंही नाही, खांबाला मात्र ओरखडा आला. एवढ्यासाठी दाविदेने किल्ल्या काढून स्वतःच्या खिशात ठेवाव्यात आणि तू त्या ठेवू द्याव्यास, हे मला अजून पटलेलं नाही. (पोराला दोष देत नाही. पोरं घाबरली की आईबापांची आईबापं होतात.) पण तेव्हापासून तू इकडेही आली नाहीस. आधी मनात आलं की गाडी काढून जेवायच्या वेळेला दारात हजर व्हायचीस. आता म्हणतेस की मेस्त्रेला आगगाडी बदलावी लागते, जिने चढावे लागतात. खरं असेल. पण मेस्त्रेचे जिने काही यंदाच बांधलेले नाहीत.

असो. विषय तो नाही. विषय बाबांच्या जुन्या गाडीचा, चिंक्वेचेंतोचा आहे. ती मी दुरुस्त करायला काढली आहे. आता हसून घे, मी थांबतो.

तुला माहीतच आहे, मी जन्मभर चहाच्या पुड्या बांधणारी यंत्रं विकली. विकली, बनवली नाहीत. यंत्राच्या आत काय असतं असं गिऱ्हाईकाने विचारलं की मी त्याला जेवायला घेऊन जायचो. असा माणूस इमारतीखालच्या आपल्या गाळ्याचं शटर उघडतो, धुळीची चादर ओढतो आणि त्या इवल्याशा गाडीकडे बघून म्हणतो, हिला आपण उभी करू. मला वाटलं होतं थोडं घासायचं, थोडी लांबी भरायची, वर रंग मारायचा. वरून तशी बरी दिसत होती बिचारी. कुठेकुठे रंगाला बारीक फोड आले होते, तेवढंच. एका फोडावर मी स्क्रूड्रायव्हरचं टोक ठेवलं, दाबलंही नाही, नुसतं ठेवलं, तर ते मुठीपर्यंत आत गेलं. मग गालिचा उचलला आणि गाडीच्या आतून मला गाळ्याची फरशी दिसली. गंजाचं असं आहे ताई, तो आपल्याला वाटतो तसा वरून येत नाही. आत कुठेतरी ओल धरून बसलेली असते, कोणाला सांगत नाही, वरचा रंग चकचकीत राहतो, आणि सगळे म्हणतात, छान आहे हो तुमची गाडी. त्या दिवशी मी बराच वेळ फरशीवर बसून होतो आणि मला तुझीच आठवण येत होती. राग मानू नकोस. तुला गंजलेली म्हणत नाही. तुझी काळजी वाटते एवढंच म्हणतो आहे.

ग्राइंडरचा पहिला आवाज झाला आणि मंडळी जमली. कोण मंडळी हे तुला सांगायला नको. गल्लीतले आपले सगळे उमारेल, रिकामटेकडे म्हातारे. रस्त्यावर गटाराचं खोदकाम सुरू होतं तिथे हात पाठीमागे बांधून उभे असायचे, ते काम संपलं आणि नेमका मी सापडलो. सगळ्यांत पुढे लेआर्को, जन्मभर अकरा नंबरची बस चालवली म्हणून चाकं असलेल्या प्रत्येक वस्तूवर त्याचा हक्क. त्याच्या शेजारी सांते, तो गवंडी होता, आठवतो ना? बाकीचे मागे. उंटावरून शेळ्या हाकाव्यात तर आपल्या बोलोन्याच्या म्हाताऱ्यांनी. एकही जण हात सोडत नाही, एकही जण साधा पाना पुढे करत नाही, पण पाना कुठे लावायचा हे सगळ्यांना ठाऊक, आणि प्रत्येकाला वेगळ्या ठिकाणी. लेआर्को म्हणायचा, "अरे, आधी इंजिन बघ, पत्र्याला काय चाटायचंय?" मागून कोणी म्हणायचं, "इंजिन राहू दे, ब्रेक बघ, बापासारखा झाडावर जाशील." आणि सांते म्हणायचा, "नको."

सांतेचं हे 'नको' जरा समजावून सांगतो, कारण पुढचं सगळं रामायण त्यातून झालं. सांते प्रत्येक गोष्टीला नको म्हणतो. मी हातमोजे घातले, नको. काढले, नको. रंगाआधी द्यायचं तांबडं अस्तर आणलं, नको. करडं आणलं, तेही नको. कॉफी घेतोस का विचारलं तर आधी नको आणि मग दोन कप. त्यामुळे ज्या सकाळी मी तळाचा सडका पत्रा कापण्यासाठी दोन्ही दारं काढून भिंतीला लावली आणि सांते म्हणाला, "नको रे ओरियानो, दारं काढू नकोस. आधी मधे आडवी पट्टी मार, नाहीतर बसेल गाडी," तेव्हा कोणी मान वळवूनसुद्धा पाहिलं नाही. जो माणूस कॉफीलाही नको म्हणतो त्याचं खरं नको ओळखायचं कसं?

मी तळ कापला. नवा पत्रा बसवला. वेल्डिंग मी फोनवरचे व्हिडिओ बघून शिकलो आहे आणि माझे टाके पाहून आई म्हणाली की हे कबुतरांनी केलंय का. पण धरले. गाडी अंगणात ढकलली, नाचत नाचत दारं लावायला गेलो तर दार चौकटीत जाईना. खाली लावलं तर वर बोटभर फट, वर लावलं तर खाली अडकतं. मी घासलं, ठोकलं, बिजागरी वाकवली. लेआर्को म्हणाला दार चुकीचं आहे. दुसरा म्हणाला डावं उजवीकडे लाव. त्यावर खरंच अर्धा तास चर्चा झाली ताई, इथे शहाण्यांचा तुटवडा नाही. शेवटी आई खिडकीत आली. दुसऱ्या मजल्यावरून तिने एकदा पाहिलं आणि सगळ्या अंगणाला ऐकू जाईल असं म्हणाली, "अरे गाढवा, दाराचं काय बघतोस? गाडी मधून खचलीय. पोक आलंय तिला." वरून ते स्पष्ट दिसत होतं. आम्ही सगळे तिला खालून, आपापल्या बाजूने बघत होतो.

मी सांतेकडे पाहिलं. तो 'मी सांगितलं होतं' असं म्हणेल म्हणून मी तयारच होतो. तो म्हणाला नाही. त्याने पाठीमागचे हात सोडले. इतक्या वर्षांत मी त्याचे हात पहिल्यांदाच नीट पाहिले असावेत, फावड्याएवढे आहेत ते. जॅक कुठे लावायचा ते त्याने दाखवलं, दाराच्या चौकटीखाली स्वतः खांदा लावला आणि लेआर्कोला म्हणाला, "काय बघतोस बसवाल्या, धर की!" मग एकेकाचे हात पाठीमागून पुढे आले. मी माझे सगळे टाके पुन्हा कापले. जॅक तसूतसूने वर गेला, म्हाताऱ्यांनी गाडी दोन्ही बाजूंनी धरून ठेवली, आणि मी आडवी पट्टी मारून पुन्हा सगळं जोडलं. दार लावलं. 'टक' असा आवाज आला, तुला आठवतो तोच, डब्याचं झाकण लागल्यासारखा. लेआर्कोने डोळे पुसले आणि वर वेल्डिंगच्या धुराला शिव्या दिल्या. धूर केव्हाच गेला होता.

त्यानंतरचं थोडक्यात सांगतो. रंग खरवडायला घेतला तर पांढऱ्याखाली पिवळा आणि त्याखाली गडद हिरवा निघाला. बाबांनी आपल्या खिडक्यांच्या झडपांचा उरलेला रंग ब्रशने गाडीला फासला होता, जुन्या ब्रशचा केसही सापडला त्यात. त्या केसासकट तेवढा तुकडा मी डाव्या दाराच्या आत तसाच ठेवला आहे, तू येशील तेव्हा दाखवतो. बारीकसारीक भागांना रंग मारून ते सुकवायला मी आईच्या ओव्हनमध्ये ठेवले. रविवारी लझान्याला जो वास आला त्याबद्दल आई अवाक्षर बोलली नाही, फक्त मला दोनदा वाढलं आणि संपेपर्यंत समोर बसून राहिली. पहिल्या मजल्यावरच्या वकीलबाईंनी दुपारच्या झोपेच्या वेळी ठोकाठोक होते म्हणून तक्रार केली, मग एक दिवस बघायला म्हणून खाली आल्या, आणि आता त्याही हात पाठीमागे बांधून उभ्या असतात. इंजिन लेआर्कोने हट्टाने स्वतः उघडलं. पहिल्या खटक्याला सुरू झालं. (दुसऱ्या. पहिल्यांदा मी सेल्फऐवजी चोक ओढला. ते दोन जुळे खटके अजून तसेच शेजारीशेजारी आहेत.) सरकारी तपासणीही झाली. तपासणारा तरुण माणूस बराच वेळ नुसता हसत होता, मग म्हणाला की त्याची आजी अशाच गाडीतून त्याला शाळेत सोडायची.

तर गाडी उभी आहे ताई. आईने खिडकीतून बघून जाहीर केलं आहे की तिला चेर्वियाला समुद्रावर जायचं आहे, याच गाडीतून, छप्पर उघडून, पूर्वी ऑगस्टात जायचो तसं. मी म्हटलं, अगं नव्वदी उलटली तुझी, माझ्या मोठ्या गाडीतून नेतो, गार हवा असते आत. ती म्हणाली, "गार हवा मला शवागारात मिळेलच." बोल आता.

गाळ्यात एकटा बसलो की मला एक गोष्ट आठवते. बाबांनी तुला ही गाडी शिकवली तेव्हा मी मागच्या सीटवर होतो. गिअर बदलताना दोनदा क्लच दाबायचा, तो डबल क्लच त्यांना स्वतःला कधी जमला नाही. गिअर टाकताना एवढा कुरकुराट व्हायचा की कोपऱ्यावर तो आवाज आला की आईला कळायचं, आर्तुरो आला. तुला त्यांनी सगळं चुकीचं सांगितलं आणि तू त्यांचं काही न ऐकता, नुसता कान देऊन, तिसऱ्या दिवशी बरोबर केलंस. क्लच, मोकळा, थोडा गॅस, परत क्लच. लोण्यातून सुरी जावी तसा गिअर पडला. बाबा खिडकीबाहेर बघत राहिले, पण त्यांचे कान लाल झाले होते, अभिमानाने. तुला ते दिसलं नसेल, तू रस्त्याकडे बघत होतीस. मला मागून दिसलं. कधी सांगितलं नव्हतं, आता सांगतो.

दाविदेला आणि छोटीला आशीर्वाद. संध्याकाळचा गारवा वाढला आहे, गुडघ्याला लोकरीचं काहीतरी बांधत जा.

तुझा धाकटा,
ओरियानो

ता. क. एक लिहायचं राहिलं. गाडी तयार आहे खरी, पण ती चालवता कोणालाच येत नाही. डबल क्लच मला जमत नाही, पहिला गिअर पडला तर दुसरा पडत नाही. लेआर्कोने प्रयत्न केला, पण त्याला बसच्या स्टिअरिंगची सवय, त्याने वकीलबाईंच्या कुंड्या उडवल्या. एवढी मेहनत करून ती नुसती गाळ्यात उभी राहणार असं दिसतं, आणि आईचा समुद्रही राहणार. बाबांनंतर ही गाडी चालवता येणारं माणूस जगात एकच आहे. तू येऊन दोन दिवस शिकवलंस तर बरं होईल. घाई नाही. पण थंडी पडायच्या आत.

दुसरा ता. क. (मी आई लिहिते आहे. तो पाकीट आणायला खाली गेला आहे आणि पत्र टेबलावर उघडं टाकून गेला आहे, गाढव.) मिरेल्ला, ओरियानो खोटं बोलतो आहे. गाडी तो चालवतो. काल मला टेकडीवर सान लूकाला नेऊन आणलं. गिअर अगदी बापासारखा वाजवतो, लोक वळून बघतात, पण नेतो आणि आणतो. कुंड्यासुद्धा त्यानेच फोडल्या. तेव्हा गाडीला तुझी गरज आहे असं समजून येऊ नकोस. फसवून आणलेली मुलगी मला नको. मला गरज आहे म्हणून ये. मलाही भीती वाटते, रोज रात्री झोपताना वाटते, पण सकाळी मी उठून पीठ मळते. खांबाला लागलं तर लागलं. शनिवारी तो गाडी घेऊन स्टेशनवर येईल. त्याला शेजारी बसव आणि तू चालव. मी सारण भरून तोर्तेल्लिनी वळीन, पाणी उकळत ठेवीन आणि खिडकी उघडी ठेवीन. कोपऱ्यावर गिअर वाजला तर समजेन की तोच चालवतो आहे, आणि गॅस बंद करीन. नाही वाजला, तर तोर्तेल्लिनी पाण्यात टाकते.