पांढऱ्या शीचा अर्ज

लोणार,
७ जानेवारी २०२५

ती. सत्यभामाआत्यास,

प्रतीक्षाचा शि. सा. न. वि. वि. साष्टांगाचं काही खरं नाही, कंबर धरली आहे. उभ्याने केलेला गोड मानून घे. फोनवर तू नुसती हो-हो करतेस आणि ऐकू काहीच येत नाही, म्हणून लिहिते.

माझी अर्पिता जाऊन चौदा महिने झाले. तिच्यासारखी, जन्मतःच पित्ताची नळी बंद असलेली बाळं आपल्या जिल्ह्यात आणखी कुणाच्या घरी आली, ते मी वर्षभर शोधत होते. दवाखान्यांच्या व्हरांड्यात झालेल्या ओळखी, त्यांनी सांगितलेली नावं, असं करत आमच्यासकट नऊ घरं जमली. डोणगावच्या समताचा मुलगा वाचला, चार वर्षांचा आहे आणि सगळ्यांना चावतो. त्याची पांढरी शी आशाताईच्या वेळेवर लक्षात आली होती. मेहकरचे शंकरराव नातवाचा फोटो खिशात घेऊन येतात.

आमचं मागणं एकच आहे. माता-बाल कार्डात बाळाच्या शीच्या रंगांचं चित्र लावा. पांढरी, मातकट दिसली की लगेच मोठ्या डॉक्टरकडे. दोन महिन्यांच्या आत ऑपरेशन झालं तर आशा असते. अर्पिताचं शहाण्णवाव्या दिवशी झालं.

अर्ज घेऊन जिल्हा आरोग्य कार्यालयात गेलो तर कारकुनाने विषय विचारला. शीचा रंग, असं मी सांगितलं. त्याच्या यादीत तो विषय नव्हता, 'स्वच्छता' होता. त्याने तोच लिहिला. परवा उत्तर आलं, की नऊ कुटुंबांचा शौचालयाचा प्रस्ताव विचाराधीन आहे. तुझा जावई ऋत्विक म्हणतो, मिळतंय तर घेऊन टाका, जावयालाही उपयोगी पडेल.

तू एकतीस वर्षं नर्सबाई होतीस. आमच्या सभेत बोलशील का?

तुझी माया आहे तशीच राहू दे.
प्रतीक्षा


देऊळघाट,
१९ जानेवारी २०२५

चि. प्रतीक्षा हिस,

आत्याचे आशीर्वाद. कंबरेले एरंडेल लाव आणि वाकून पाया पडायचं शीक.

लोकं गणपतीसाठी मंडळ काढतात, रस्त्यासाठी काढतात. माह्या भावाच्या पोरीनं गूसाठी काढलं. शेजारच्या कलाबाईले वाचून दाखोलं तर तिनं विचारलं, अध्यक्ष कोणाले करणार? मी म्हणलं, ज्याचं पोट साफ आहे त्याले. आणि ते चित्र सायबाले दाखवशील कधी, त्याच्या जेवणाच्या आधी का नंतर? आधी दाखोलं तर तो जेवणार नाही, नंतर दाखोलं तर तुमचा अर्ज बुडाला.

सभेचं मात्र जमणार नाही. माहे गुडघे गेले. रिटायर नर्स म्हणजे तारीख उलटलेली गोळी, तिले कोण इचारते. आणि पोरी, झालं ते झालं. उकरून काय भेटते? तू दुसरं लेकरू होऊ दे.

तुझ्यावर जीव आहे म्हणून बोलतो, राग मानू नको.
सत्यभामाआत्या


लोणार,
४ फेब्रुवारी २०२५

ती. आत्यास,

शि. सा. न. वि. वि. यावेळी वाकून केला आहे, पंधरा मिनिटं उठता आलं नाही.

तुझ्या गुडघ्यांची बातमी शंकररावांना सांगितली. त्यांना फार नवल वाटलं. ते म्हणाले, त्यांच्या शेजारच्या रुक्मिणीबाईच्या नातीच्या लग्नात तू दोन पंगती वाढल्यास आणि वरातीतही होतीस. म्हणजे गुडघे लग्नाला चालतात, फक्त सभेला गेलेले असतात.

इकडे आम्ही पुन्हा जाऊन थेट साहेबांना भेटलो. या आजाराची जिल्ह्यात नोंदच नाही, असं ते म्हणाले. मग नोंद कुठे करायची, असं समताने विचारलं. त्यांनी वही उलटीसुलटी पाहिली आणि म्हणाले, रकाना नाही. नोंद नाही म्हणून रकाना नाही, रकाना नाही म्हणून नोंद नाही. असं आमच्या मुलांचं झालंय आत्या, मेली तरी कागदावर जन्मली नाहीत. आता दोन मार्चला मेहकरला सभा ठेवली आहे. साहेब येतो म्हणालेत. नऊही घरं त्यांच्यासमोर बसवणार आहे, म्हणजे रकाना दिसेल.

तू काऊन येत नाहीस ते मला माहीत आहे. ते मी लिहिणार नाही. तुला लिहायचं असेल तर लिही.

लोभ कमी झालेला नाही, पण अडखळतो आहे.
प्रतीक्षा


देऊळघाट,
१५ फेब्रुवारी २०२५

चि. प्रतीक्षा,

आशीर्वाद देऊ का नको, तूच ठरव.

तू बाळंतपणाले इथं होती. अर्पिता अठरा दिवसांची होती तेव्हा तू दुपटं आणून मले दाखोलं. शी पांढरी होती. मी म्हणलं, दुधाची आहे. कावीळ दिसत होती, तर म्हणलं सकाळचं कोवळं ऊन दाखव, उतरते. तू डॉक्टरकडे जातो म्हणली तर मी हासली. शिकलेल्या पोरी लय भितात, असं सगळ्याइसमोर म्हणली. तू मग गेली नाही.

एकतीस वर्षं मी हेच सांगतलं. बहुतेक लेकरं आपोआप बरी होतात, म्हणून मी हुशार ठरली. ज्यांची झाली नाहीत त्या माय-बाया मले सांगाले वापस आल्या नाहीत.

मागच्या पत्रात तुह्या कामाची टिंगल केली. टिंगल केली म्हणजे वाचाले सोपं जाते.

सभेले येतो. हार घातला तर उठून जाईन.
सत्यभामा


लोणार,
२४ मार्च २०२५

ती. सत्यभामाआत्यास,

शि. सा. न. वि. वि. तीन आठवडे लिहिलं नाही, मुद्दाम. सभेत बोलून तू न जेवता एसटीने निघून गेलीस, म्हणून पुढचं तुला माहीत नाही.

त्या दिवशी साहेब अर्धा तास जिल्ह्याच्या प्रगतीवर बोलले, मग मोबाइल पाहत बसले. तू उठून सगळं सांगितलंस, दुपटं, ऊन, तुझं हसणं. तू गेल्यावर शंकरराव उभे राहिले. म्हणाले, आम्हालाही याच नर्सबाईंनी ऊनच सांगितलं होतं आणि आम्ही त्यांना लुगडं नेसवलं होतं. साहेबांनी मोबाइल खिशात घातला आणि स्वतःच्या हाताने अर्जाचा विषय खोडून 'नवजात बालक' असं लिहिलं.

मग कार्डं छापून आली, लोणार आणि मेहकर तालुक्यांसाठी पाचशे. शीच्या सहा रंगांचं चित्र, आणि छापलं काळ्या-पांढऱ्यात. पांढरी शी तेवढी बिनचूक आहे. रंगीत छपाईला वेगळी मंजुरी लागते म्हणे. आता आम्ही नऊ घरं दर रविवारी समताच्या ओसरीवर बसून ती हाताने रंगवतो. शंकरराव रेषेच्या बाहेर जातात आणि ऐकत नाहीत.

रंगवलेलं एक कार्ड घेऊन डोणगावच्या आशाताईने चोवीस दिवसांच्या एका मुलीला मोठ्या दवाखान्यात पाठवलं. मुलीच्या आजीने आशाताईला खूप शिव्या दिल्या. चौतिसाव्या दिवशी ऑपरेशन झालं. शी पिवळी यायला लागली आहे. पुढचं डॉक्टर सांगत नाहीत, आम्हीही विचारत नाही.

आत्या, मला तुझा राग आहे. तू सभेत बोललीस म्हणून तो गेला नाही, आणि जाईल असं वाटतही नाही. पण तीनशे कार्डं अजून कोरी आहेत. येत्या रविवारी डोणगावला ये. मी पलीकडच्या टोकाला बसेन, बोललंच पाहिजे असं नाही. तू पिवळा रंग घे.

वाट पाहणारी,
प्रतीक्षा