चार नंबर बेडसमोरची टाकी

१३ जून, शुक्रवार

डॉक्टरांच्या मॅडमनी घरची काचेची टाकी सेंटरला पाठवून दिली. दोन फुटी, रिकामी, तळाशी क्षाराची पांढरी रेघ. वेटिंगमधला टीव्ही महिनाभर बंद आहे. पेशंटचे नातेवाईक चार-चार तास भिंतीकडे बघत बसतात. डॉ. म्हणाले, "रेखाताई, पाण्यातलं तुम्हाला कळतं. हेही तुम्हीच बघा." अकरा वर्षं डायलिसिसची मशीन चालवतेय, आरओचं पाणी रोज तपासते, म्हणून. मासा मी ताटाबाहेर कधी नीट पाहिलेला नाही.

हॉलमध्ये ठेवता येत नाही, इन्फेक्शनची भीती. वेटिंगच्या बाजूने, पार्टिशनच्या काचेला टेकवून ठेवली. आतून चार नंबर बेडवरून सरळ दिसते. पाणी भरलंय. गळते का ते सोमवारपर्यंत कळेल.

१७ जून, मंगळवार

गळत नाही. रिकामी केली. जाड रेती धुतली, दहा-बारा बादल्या झाल्या तरी पाणी चहासारखंच. शेवटी कंटाळून टाकली. वर आरओचं पाणी. म्हटलं, अख्ख्या जळगावात इतकं शुद्ध पाणी कुठलं मिळायला.

मंगळ-शुक्रची बॅच आली. तीन नंबरवरच्या अक्का, पारोळ्याकडच्या, आडव्या पडून टाकीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "आम्हले दिसभरमा तीन गिलास पानी, अन आठे एवढी टाकी भरी ठेवी?"

हातातली सुई हातातच राहिली. किडनी गेलेल्या माणसाने पाणी मोजून प्यायचं, हे दिवसातून वीसदा मीच सांगते. म्हटलं, अक्का, उद्या उचलते. तर म्हणाल्या, "राहू दे माय. दखीसनी तरी गार वाटस."

शेजारी चार नंबरवर शांतिलालजी. ओठांवरून जीभ फिरवली.

२० जून, शुक्रवार

रोपं आणली. दुकानदार नशिराबादहून येऊन-जाऊन असतो, अकराशिवाय उघडत नाही. लांब पट्ट्यांसारख्या पानांची दहा, रुंद तपकिरी पानांची चार. चिमट्याने रेतीत खोचायची. एक खोचलं की दुसरं वर तरंगतं. कोपरापर्यंत ओली झाले. दुकानदाराने बजावलंय, महिनाभर मासे नाहीत. आधी पाण्यात चांगले जंतू वाढू द्यायचे. अकरा वर्षं पाण्यातले जंतू मारण्याचा पगार घेतेय मी!

शां.जींनी विचारलं, "मासे येणार का, बेटा?" वय एकोणऐंशी, कापडाचं दुकान होतं, आता मुलगा महेंद्र बघतो. तीन वर्षं माझ्याकडे. हो म्हटलं, महिन्याने. तर हळूच, "नका आणू. आमच्या घरात कोणी पोपटसुद्धा पिंजऱ्यात ठेवला नाही. मी हात बांधून इथे चार तास पडतो, मला माहीत आहे." मग म्हणाले, "हट्ट नाही माझा. विनंती आहे."

नाही आणणार म्हणाले मी. कबूल करून बसले. डॉ.ना काय सांगायचं ते बघू.

२७ जून, शुक्रवार

पानं पिवळी. दुकानात गेले. पाणी कुठलं विचारलं, अभिमानाने सांगितलं. तो हसायलाच लागला. "ताई, त्यात काहीच नाही. उपाशी मारताय झाडांना." अर्धं नळाचं पाणी घालायचं, एक दिवस उघडं ठेवून.

हे शां.जींना सांगितलं तर खूप हसले. इतके, की मशीनचा अलार्म वाजला.

४ जुलै, शुक्रवार

रुंद पानांची रोपं विरघळली. शब्दशः. चिमटा लावला की शेवाळी लगदा. दुकानदार म्हणतो मुळाला हात लावू नका, जागा बदलली की करतात असं.

रोपांबरोबर गोगलगाई आल्यात. तांदळाएवढ्या. काढायला गेले तर आतून शां.जींनी काचेवर टकटक केली. मान नाही-नाही. आत गेल्यावर म्हणाले, "त्यांना आपण आणलं नाही. आपल्या पायांनी आल्या. राहू दे."

अक्का: "शेठ, तुम्हले मासा दखाले काय पाप लागस?"

"पाप नाही अक्का. वाईट वाटतं."

"माले गोगलगाय दखीसनी वाईट वाटस!"

सगळा हॉल हसला. शां.जी आता दर वेळी गोगलगाई मोजतात. आज सात.

१५ जुलै, मंगळवार

शां.जींच्या हाताची शीर साथ देत नाहीये. तीनदा टोचलं. ते छताकडे बघत होते. आवाज काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं.

१८ जुलै, शुक्रवार

काचेवर तपकिरी थर. जुन्या कार्डाने खरवडत होते, शां.जींनी खुणेने आत बोलावलं. अक्कांना झोप लागलेली.

"बेटा, मशीन सोडलं तर माणूस किती दिवस?"

असं बोलू नका म्हटलं.

"भाव विचारला. माल कुठे घेतला."

मी खरं ते सांगितलं. आठ-दहा दिवस, कधी थोडे जास्त. मान हलवली. म्हणाले, आमची संवत्सरी, क्षमा मागायचा दिवस, तो झाला की मी येणार नाही. रागाने नाही, दुःखाने नाही. पुरे झालं. महेंद्रला मी माझ्या वेळेला सांगेन. तुम्ही कोणाला बोलू नका.

बरं म्हणाले मी. का म्हणाले?

२० जुलै, रविवार

धुळ्याला आले आईकडे. बसमध्ये डोकं दुखलं. आईला सगळं सांगितलं, नाव न घेता. ती मेथी निवडत होती. वर न बघता म्हणाली, "तुना बाप बी हाईच सांगे. तू कोठे ऐकं?"

आबांना मीच डायलिसिसला घ्यायचे. शेवटच्या दोन महिन्यांत रोज नको म्हणायचे. मला वाटायचं कंटाळलेत, होईल ठीक. मीच हात धरून बसवायचे रिक्षात. शेवटही मशीनवरच

जेवले नाही.

२२ जुलै, मंगळवार

डॉ.ना सांगितलं. पेशंट असं बोलला तर कळवायचं, सेंटरचा नियम आहे. चार दिवस गप्प राहिले हेच चुकलं. डॉ. म्हणाले, बरोबर केलंत. संध्याकाळी त्यांनी महेंद्रभाऊंना फोन केला.

बरोबर केलं. बरोबर केलं तर मग हे पुन्हा का लिहितेय.

२५ जुलै, शुक्रवार

महेंद्रभाऊ बरोबर आले. एरवी सोडून दुकानावर जातात. आज वेटिंगमध्ये टाकीसमोर बसले आणि रडले, पन्नाशीचा माणूस, सगळ्यांदेखत. म्हणाले, "ताई, मम्मी गेल्यावर मला पप्पांशिवाय कोण आहे? मीही जेवण सोडलंय. ते येतील तर जेवेन." दोन दिवस खरंच काही खाल्लं नव्हतं.

आत शां.जींनी मुकाट्याने हात पुढे केला. टेप लावताना एवढंच, "मी तुम्हाला सांगितलं होतं, मॅडम."

तीन वर्षांत पहिल्यांदा मॅडम.

५ ऑगस्ट, मंगळवार

पाणी काचेसारखं झालंय. लांब पानांनी खालून नवी रोपं सोडली. विरघळलेल्यांतली दोन परत फुटली. दुकानदाराने पाणी तपासून दिलं, म्हणे आता मासे सोडा.

शां.जी येतात, डोळे मिटून पडतात, जातात. गोगलगाई मोजत नाहीत. मी आपणहून म्हटलं, आज वीस तरी असतील. "असतील," म्हणाले.

८ ऑगस्ट, शुक्रवार

डॉ.नी विचारलं, टाकी तयार आहे ना, मग मासे कुठेत? वेटिंगमधले लोक विचारतात. मी सांगू शकले असते, एका पेशंटला शब्द दिलाय. डॉ.नी ऐकलंही असतं. तोंड उघडलं नाही. एक शब्द मोडलेलाच होता, दुसरा मोडायला जड गेलं नाही. हे लिहिताना लाज वाटतेय.

सहा मासे. नारिंगी, बोटाच्या पेराएवढे. पिशवीसकट अर्धा तास तरंगत ठेवले, मग सोडले. अक्का उठून बसायला बघत होत्या, नळ्या ताणल्या. "बठ्ठा मासा मना शेतस आते!" सगळे मासे आता त्यांचे. इतक्या खुश त्यांना मी कधी पाहिलं नाही.

शां.जींनी बघितलं. मग सिस्टरना म्हणाले, पुढच्या वेळेपासून मला एक नंबर बेड द्या. एक नंबर कोपऱ्यात. तिथून फक्त भिंत दिसते.

१२ ऑगस्ट, मंगळवार

शां.जी एक नंबरवर. अक्का चारवर आल्या. एक मासा मेला, सकाळी वर तरंगत होता. कोणी यायच्या आत काढला, मागच्या कुंडीत पुरला. अक्कांनी मोजलेच. पाच.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

परवा संवत्सरी झाली. आज शां.जींनी मशीनवर जायच्या आधी एकेकापाशी जाऊन हात जोडले. सिस्टर, झाडूवाल्या मावशी, अक्का. मिच्छामि दुक्कडम्. कळत-नकळत दुखावलं असेल तर क्षमा करा. अक्का गडबडून म्हणाल्या, "तुम्ही काय करं शेठ, काहीच नही."

मग माझ्यापाशी आले. तेच शब्द, तेवढेच. खरं तर मी मागायची. मी नुसते हात जोडले. सगळ्यांना म्हणाले तेच मला म्हणाले, की मला वेगळं काही म्हणाले? चेहऱ्यावरून कळलं नाही. चार तास विचार करत होते.

जाताना चप्पल घालायला खूप वेळ लागला. महेंद्रभाऊंनी खाली बसून घातली.

२ सप्टेंबर, मंगळवार

एक नंबर रिकामा. दहापर्यंत वाट पाहिली. फोन केला. महेंद्रभाऊ म्हणाले, "पप्पा नाही म्हणतात. या वेळी मी जेवण सोडलं तरी ऐकणार नाहीत, असं सांगितलं त्यांनी."

टाकीतलं चतुर्थांश पाणी बदललं. दर मंगळवारचं काम.

५ सप्टेंबर, शुक्रवार

आजही नाही. दुपारी महेंद्रभाऊंचा फोन. "ताई, एकदा घरी या. तुमचं ऐकतील. तीन वर्षं तुमच्या हातून सुई घेतलीय." डॉ.ना विचारलं. जा म्हणाले, पण जबरदस्ती नको.

शिफ्ट संपवून गेले. पहिल्या मजल्यावर, खिडकीपाशी पलंग. तोंडावर सूज, एका वाक्यात दोनदा श्वास. मला पाहून म्हणाले, "मशीन आणलंस?"

नाही म्हटलं.

"मग बस."

अर्धा तास बसले. आजाराचं एक अक्षर नाही. माझं माहेर धुळ्याचं, हे त्यांना कुठून कळलं कोण जाणे. तरुणपणी धुळ्याला कापड घ्यायला जायचे ते सांगत होते. सकाळची गाडी, खांद्यावर गठ्ठा, येताना एरंडोलला थांबून पेरू. बायकोला पेरू आवडायचे. मध्येच डोळा लागायचा, मग तिथूनच पुढे सुरू. पायांना सूज फार, दाबलं की खड्डा तसाच राहतो. मी पाय दाबले. नको म्हणाले नाहीत.

चला असं म्हणायला तीनदा तोंड उघडलं. एक डायलिसिस झालं तर श्वास हलका होईल, हे मला माहीत आहे. एकदाच या, श्वासापुरतं, एवढं म्हणता आलं असतं. ते झोपले. मी उठले.

महेंद्रभाऊ जिन्यात उभे. दाढी वाढलेली. "काय म्हणाले? येतील?"

"विचारलं नाही मी."

मग म्हणाले, "मग तुम्ही कशाला आलात, ताई?" टोमणा नव्हता. खरंच विचारत होते.

खाली आले. रिक्षा मिळेना, चालत निघाले. चौकात पोचेपर्यंत त्यांचा मेसेज, सकाळी सातला फोन करतो, रात्रीत पप्पांशी शेवटचं बोलून बघतो, गाडी तयार ठेवतो.

एक नंबरचं मशीन उद्या सकाळी दुसऱ्या कोणाला दिलेलं नाही. देऊ नका म्हणून शिफ्ट संपवून निघतानाच सिस्टरना मीच सांगून आलेय.