तुमच्या रक्तात काही वाढलं नाही

आबा, मी अजून तुमच्यावर चिडलेली आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, माझे केस पिकले, तरी राग उतरत नाही. या महिन्यात तर तो नव्यानं भडकलाय.

मेंढ्या व्यायचा हंगाम सरला की तुम्हाला ताप यायचा, उतरायचा, पुन्हा यायचा. मोठ्या डॉक्टरांनी बजावलं होतं, तपासायला रक्त देईपर्यंत कसलंही औषध घ्यायचं नाही. जळकोटहून आपण रक्त द्यायला इथं शहरात आलो. मी रिक्षा बघायला गेले, तेवढ्यात तुम्ही स्टँडसमोरच्या दवाखान्यात जाऊन सुई घेऊन आलात! दंड चोळत, हसत. मी ओरडले तर म्हणता, "मोठ्या डाक्टरापुढं कण्हत जायचं व्हय? माणसानं कसं ताठ जावं." जशी काही सोयरीक जुळवायला निघाली होती स्वारी.

रक्त बाटलीत भरून मशीनमध्ये ठेवतात. जंतू असला तर तो तिथं वाढतो आणि सापडतो. सुईनं त्याला आधीच दाबलं असेल तर काहीच वाढत नाही. तुमच्या बाटलीत काहीच वाढलं नाही. डॉक्टरांनी तरी अंदाजानं गोळ्या दिल्या, ताप गेला तरी सोडू नका म्हणाले. तुम्ही ते कुठं ऐकताय! गावभर सांगत सुटलात, "माज्या रक्तात काय बी न्हाय. मशिनीला बी घावलं न्हाय." आईनं गोळी पुढं केली की "लई गरम पडत्यात त्या," म्हणून तोंड फिरवायचात. गोळ्या कोनाड्यात पडून राहिल्या आणि तुम्ही गेलात. ताप कशाचा होता ते कुणालाच कळलं नाही. त्या चिडीपायीच मी रक्त तपासायचं शिकले, आणि अजून तेच करतेय.

मध्यंतरी ईट गावची एक बाई आमच्या इस्पितळात दाखल झाली. मेंढ्यांवर जगणारी, अडलेलं कोकरू उघड्या हातांनी ओढून काढणारी, तुमच्यासारखीच. रक्त घ्यायला मी स्वतः गेले. आधी विचारलं, सुई घेतलीस का कुठं? "न्हाय बाई, थेट हितंच आले." तिला मिठी मारावीशी वाटली मला. तिच्या बाटलीत जंतू वाढला, पण आमच्या मशीनला त्याचं नाव सांगता येईना. पुण्याला पाठवला. तिथं त्याची जनुकं वाचली, तर आजवर नोंदलेल्या कुठल्याच जंतूशी ती जुळेनात. नवी जात आहे म्हणतात. आमच्याकडं पेढे वाटले.

हा जंतू कशानं मरतो तेही मी तपासलं होतं. आबा, तुम्ही कोनाड्यात टाकलेल्या त्याच गोळीनं मरतो. साधी, कुठंही मिळणारी गोळी! बाईनं शेवटपर्यंत घेतली, परवा ठणठणीत होऊन भेटून गेली. तुमच्या रक्तात हाच होता की दुसरा, ते आता कुणीच सांगू शकणार नाही. तेवढी सोय तुम्ही स्टँडसमोर स्वतःच्या हातानं घालवलीत.

तुम्हाला काय झालं होतं ते कळलं पाहिजे, हा एकच हट्ट मी इतकी वर्षं धरून बसले होते. हे पत्र टाकायला पत्ता नाही, आणि असता तरी मी टाकलं नसतं. कारण ती गोळी लागू पडते हे दिसलं त्या दिवशी मी प्रयोगशाळेचं दार लावून घेतलं आणि हात जोडले. म्हटलं, आबांचा ताप दुसऱ्या कशाचाही असू दे, याचा नको.