सीटखालची बॅटरी

आबा, आम्ही बनवतो त्या गाडीची बॅटरी ड्रायव्हरच्या सीटखाली आहे. तुम्ही असता तर आधी हसला असता आणि मग विचारलं असतं, "मग पाणी कुठनं घालायचं?" मीही तेच विचारलं होतं. टेबलावर ड्रॉइंग पसरून, इंग्रजीत मुद्दे काढून विचारलं, पण प्रश्न तुमचाच होता. सगळा पावसाळा विचारत राहिले आणि परवा हरले. घरात हे सांगण्यासारखं कुणी नाही. आईला सांगितलं तर तिला एवढंच कळतं की साहेबांशी माझं वाजलंय, आणि ती जेवता जेवता थांबते. म्हणून तुम्हाला सांगते आहे.

मी इंजिनिअर झाले हे तुम्हाला ठाऊक नाही. तुम्ही गेलात तेव्हा माझी दहावी व्हायची होती. नंतर आई तुर्भ्याच्या बाजारात मिरच्यांची देठं खुडायला जायला लागली. तिच्या लुगड्याला मिरचीचा खकाणा असायचा, ती दारात आली की मी आणि धाकटा शिंकायला लागायचो, आणि त्या शिंकांमध्येच माझा अभ्यास झाला. माझ्याआधी आपल्या घरात कुणी पदवी घेतलेली नाही, म्हणून माझ्या नोकरीचं तिला फार अप्रूप. पोरगी काय करते असं कुणी विचारलं की ती म्हणते, "गाड्या करते," भाकऱ्या करते म्हणावं तसं. सुरुवातीला मलाही तसंच वाटायचं.

तुम्ही चालवायचा ती खाणीची जीप रविवारी आपल्या दारात उभी असायची. तुम्ही बॉनेट उचलून त्याला दांडी लावता, मी बंपरवर चढून उभी राहते, माझ्या हातात डिस्टिल्ड वॉटरची बाटली. तुम्ही एकेक झाकण फिरवून काढता आणि मी आत डोकावून सांगते, पट्ट्या बुडाल्यात की उघड्या पडल्यात. "नाक लांब धर, ॲसिड हाय त्यात," तुम्ही म्हणता. एकदा बाटली संपली म्हणून मी धावत जाऊन तांब्याभर नळाचं पाणी आणलं. तुम्ही तांब्या हिसकावून घेतलात आणि सगळं पाणी रस्त्यावर ओतलंत. "आपलं पाणी येगळं, तिचं येगळं. मारतीस का काय तिला?" शेजारच्या बायका बघत होत्या. मी रुसले, जेवले नाही. संध्याकाळी तुम्ही मला त्याच जीपमध्ये पुढे बसवून वाशीच्या खाडीपर्यंत फिरवून आणलंत.

तुमचंही सगळं बरोबर नसायचं. खंडेनवमीला तुम्ही जीपच्या प्रत्येक भागाला हळदकुंकू लावायचा, बॅटरीलाही, आणि नारळ फोडून त्याचं पाणी तिच्यावरच शिंपडायचा. काही दिवसांनी टर्मिनलवर हिरवट पांढरी बुरशी चढायची, आणि तुम्ही दुकानदाराला शिव्या देत ती गरम पाण्याने धुवायचा. कॉलेजात त्या बुरशीचं कारण शिकवलं तेव्हा सगळ्या वर्गात मी एकटीच हसले होते.

पावण्याच्या औद्योगिक वसाहतीत आमची शेड आहे. इंजिन आणि सांगाडा बाहेरून आणायचा आणि त्यावर डोंगरात, चिखलात, ओढ्याच्या पात्रात जाईल अशी गाडी उभी करायची, हा आमचा धंदा. यंदाचं काम डोंगराळ भागातल्या दवाखान्यांसाठीच्या गाड्यांचं. मागे लांब बाक, त्यावर रुग्णाला झोपवून खाली आणायचं. हे काम माझ्याकडे आलं त्या दिवशी मी घरी चालत आले. शिकल्याचं चीज झालं असं वाटलं होतं.

बॅटरी सीटखाली ठेवायला कारणं आहेत, आणि ती खोटी नाहीत. ओढ्यात गाडी घातली की बॉनेटमध्ये पाणी शिरतं, म्हणून हवेचा फिल्टर वर घेतला, पंखा मोठा केला, आणि पुढची जागा संपली. सीटखाली बॅटरी उंच राहते, कोरडी राहते, वजनही मधोमध येतं. कागदावर ती जागा उत्तम आहे. पण बॅटरी बघायची तर सीट काढायची, सीट काढायची तर चार बोल्ट, आणि त्यातला आतल्या अंगाचा बोल्ट हँडब्रेकच्या दांड्याला इतका लागून आहे की हँडब्रेक ओढलेला असला तर त्याला पाना बसत नाही. म्हणजे चढावर उभ्या गाडीची बॅटरी बघायला आधी हँडब्रेक सोडायचा. आमचा फिटर पावणे गावचाच आहे. त्याने पहिल्यांदा ती सीट काढली तेव्हा घाम पुसत म्हणाला, "ताई, ह्यो बोल्ट कारायला मानसाला तिसरा हात पायजे. माझ्याकडं दोनच हायेत." सगळे हसले. मला मात्र डोंगरातला तो ड्रायव्हर दिसत होता. तो हे सगळं दर आठवड्याला करणार नाही, मीही केलं नसतं. पाणी आटत जाईल, पट्ट्या उघड्या पडतील, आणि एके दिवशी मागे रुग्ण झोपलेला असताना तो किल्ली फिरवेल आणि नुसतं कट्ट होईल.

मी दुसरं ड्रॉइंग केलं. दाराखालच्या पत्र्यात एक झाकण, आत बाहेर ओढता येईल असा ट्रे. खाली वाकलं की बॅटरी हातात. साहेबांनी ते नीट पाहिलं, शाबासकीही दिली. पण पत्र्याचे साचे तयार झाले होते, नमुना मंजूर झाला होता. "मॅडम, टेन्शन नका घेऊ, पुढच्या लॉटला बघू," असं ते म्हणाले आणि मग दर वेळी तेच म्हणत राहिले.

परवा खंडेनवमी होती. तयार गाड्यांतली पहिली शेडबाहेरच्या उतारावर उभी केलेली, झेंडूची माळ घालून, चारही चाकांपुढे लिंबं ठेवून. लेथला, वेल्डिंगच्या सेटला, पान्यांना हळदकुंकू लागलं. साहेबांच्या आई दरवर्षी पूजेला येतात. त्यांचे गुडघे दुखतात, म्हणून त्यांनी ताट माझ्या हातात दिलं आणि खुर्चीवर बसून एकेक सांगू लागल्या. इंजिन झालं, स्टिअरिंग झालं. मी म्हटलं, "आजी, बॅटरी राहिली." मी हे मुद्दाम म्हटलं, आबा. मला वाटलं, ड्रॉइंग बघून जे कळलं नाही ते आता सगळ्यांना समोर दिसेल.

"मग लाव की," त्या म्हणाल्या. फिटर मनातल्या मनात हसत पाना घेऊन आला. तीन बोल्ट निघाले. चौथ्यासाठी हँडब्रेक सोडायला हवा होता. गाडी उतारावर, गिअरमध्ये असली तरी हँडब्रेक सोडला की ती थोडी पुढे सरकून लिंबं चिरडणार, आणि पूजा पुरी होण्याआधी लिंबं चिरडलेली चालत नाहीत. कुणी विटा आणल्या, तर त्या लावायला लिंबं बाजूला करावी लागणार, आणि ठेवलेलं लिंबू उचलायचं नाही असं आजींनी बजावलं. माणसं भुकेली होती, पेढ्यांचे पुडे उघडून ठेवलेले. "गाडीपेक्षा लिंबू भारी पडलं बघा," असं कुणीतरी मागून म्हणालं. आजी घड्याळ बघून म्हणाल्या की राहुकाळ लागेल. मग साहेब पुढे आले आणि अगदी सौम्यपणे म्हणाले, "मॅडम, आतल्या देवाला बाहेरूनही पोचतं. सीटवरच लावा."

मी सीटच्या काळ्या रेक्झिनवर कुंकू लावलं. नारळ फुटला, टाळ्या झाल्या. बोल्ट परत आवळले. ड्रायव्हर पहिली फेरी मारून उतरला तर त्याच्या पँटला मागे कुंकू लागलेलं, आणि सगळी शेड पोट धरून हसली. मीसुद्धा हसले. अजून मला सोसत नाही ते हेच. कुणाला दिसलं नाही असं नव्हतं. सगळ्यांनी पाहिलं, सगळ्यांना कळलं, आणि मग सगळ्यांनी पेढे खाल्ले.

दुपारी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. मला वाटलं रागावतील. ते रागावले नाहीत. म्हणाले, तुमचं चुकत नाही, पण गाडी घेणारा माणूस सीट उचलून बघत नाही, पत्र्यावर हात फिरवून बघतो. मग म्हणाले, "आणि मला एक सांगा मॅडम, बॉनेटखाली डोळ्यांसमोर असली, तरी कोण बघतं?"

मी ड्रॉइंग गुंडाळून उठले. त्यांना वाटलं मला पटलं. मी वाद का सोडला ते तुम्हालाच कळेल. तुम्ही गेलात त्या वर्षी तुम्हाला जीपवरून काढून डंपरवर घातलं होतं आणि जीप मुकादमाच्या मेहुण्याला मिळाली होती. खाणीत दरड सुटून डंपरच्या केबिनवर आली. तुम्हाला बाहेर काढलं तेव्हा तुम्ही शुद्धीवर होता, डंपरचं किती नुकसान झालं ते विचारत होता असं सांगतात. तुम्हाला त्याच जीपमध्ये ठेवलं, किल्ली फिरवली, ती सुरू झाली नाही. खाणीच्या तळाला दगडच दगड, ढकलायला सपाट जागा नाही. वरून ट्रक येईपर्यंत तुम्ही विचारायचं थांबला होता. नंतर कुणीतरी बॉनेट उघडलं. बॅटरी कोरडी पडली होती. ती समोरच होती, आबा, हात घातला की लागेल अशी. नव्या माणसाने बॉनेट उचललंच नव्हतं.

मग मी कशासाठी भांडत होते? जागा बदलून माणूस बदलत नाही हे साहेबांच्या आधीपासून मला माहीत आहे. रात्रंदिवस घोकून जी पदवी घेतली तिच्यात या प्रश्नाला उत्तर नाही. मी एवढंच म्हणू शकते की ज्याला बघायचंय त्याला तरी बघता यावं. तुमच्यासारखा एखादा त्या डोंगरात असेलच, तो बाटली घेऊन गाडीपाशी येईल, आणि त्याच्यापुढे आम्ही चार बोल्ट ठेवलेत. त्या चार बोल्टांच्या ड्रॉइंगवर माझी सही आहे. काल दसऱ्याला साहेबांनी मला आपट्याची पानं दिली, असंच मन लावून काम करा म्हणाले, आणि मी वाकून नमस्कार केला. नोकरी सोडणार नाही. धाकट्याचं शिक्षण व्हायचंय, आणि दुसरीकडे गेले तरी तिथली बॅटरी कुठे असेल कुणास ठाऊक.

आज सकाळी गाड्या गेल्या. मी फाटकाशी उभी होते. हे कुठे पाठवायचं नाही आणि कुणी वाचणार नाही, म्हणून लिहिते. शेवटची गाडी वळली तेव्हा माझ्या मनात आलं, यातली एक तरी बंद पडावी, लवकर पडावी, म्हणजे साहेबांना कळेल. रिकामी असताना बंद पडली तर कुणी दखलही घेणार नाही, मागे कुणी झोपलेलं असायला हवं, हे मला तेव्हाही माहीत होतं. तरी मी तेच मागितलं.