डबीतल्या दोन गोळ्या

१४ जुलै

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार. दोन गल्ल्या सोडून राहतेस आणि पत्र पाठवतोय, म्हणून हसशील. हसून घे. पाठीचं दुखणं कसं आहे? पिल्लूला पापा.

बातमी अशी, की शेवटची फिट येऊन मला काल अकरा महिने झाले. गोळ्या त्याच, तेवढ्याच. बदलली ती झोप. नव्या डॉक्टरीणबाईंनी वही लिहायला लावली होती: कधी झोपलास, कधी उठलास, फिट कधी आली. मी शिंपी माणूस, कापडावर खडूने रेघा मारणारा, पण लिहिली. तीन महिन्यांनी त्यांनी पानावर बोट ठेवलं. पाचही फिट जागरणानंतरच्या सकाळच्या. "सगळ्यांचं असं नसतं, तुमचं आहे," त्या म्हणाल्या. "गोळी चुकवायची नाही आणि झोपही नाही." आता दहाच्या ठोक्याला दिवा बंद. शेजारी म्हातारबुवा म्हणतात. म्हणोत बापडे.

आता जे तोंडावर सांगायला जीभ रेटत नाही, ते.

आठ वर्षांपूर्वी, तुझ्या लग्नाआधी, तू परीक्षेसाठी दोन दिवस परगावी गेलीस आणि मी कारखान्यात मशीनवरच कोसळलो. परत आलीस तर घरी डबीत दोन दिवसांच्या गोळ्या तशाच. इस्पितळात माझ्या पायाशी बसून रडलीस, "मी गेले म्हणून तू विसरलास." त्यानंतर गाव सोडून तू कुठे राहिली नाहीस.

ताई, गोळ्या मी घेतल्या होत्या. मशीनच्या खणात जादा पाकीट असायचं, त्यातल्या. डबीला हात लागला नाही, कारण मी घरी आलोच नव्हतो. नाट्यगृहाचे पडदे द्यायचे होते आणि हटकायला तू नव्हतीस, म्हणून दोन्ही रात्री बसून शिवले. खरं सांगितलं असतं तर तू काम सोडायला लावलं असतंस. आधी भीतीने गप्प बसलो, मग लाजेने.

परवा दाजी बोलून गेले, की दूरच्या शाळेत तुला मुख्याध्यापिकेची जागा मिळतेय आणि तू म्हणतेस, भावाला टाकून कशी जाऊ? ऐकलं आणि हे पत्र लिहायला घेतलं.

तुझी चूक कधीच नव्हती. हे लिहिलं आणि छातीवरचा धोंडा उतरला, आता तुझाही उतरू दे. रागव, महिनाभर बोलू नकोस, चालेल. पण त्या शाळेला आजच होकार कळव. मी नीट राहीन.

तुला आठ वर्षं विनाकारण अडवून ठेवणारा,
तुझा धाकटा