कात्री लावू नकोस

१० जानेवारी

आले बाई एकदाची स्वतःच्या घरात! छत्तिसाव्या वर्षी लग्न म्हणजे लोकांना चघळायला विषय, चघळू देत. सकाळी सह्या झाल्या आणि दुपारी मी, दोन बॅगा आणि माझं शिलाई मशीन इथे पोचलो. डॉक्टरांनी मशीन स्वतः वर चढवलं. जिन्यात दम लागल्यावर म्हणाले, बायको आणली की कारखाना? त्यांच्या पँटी आखूड करता करता आमचं जमलं, म्हणून ते मला मास्टर म्हणतात आणि मी त्यांना डॉक्टर. खाली त्यांचं टेस्ट ट्यूब बेबीचं क्लिनिक, वर आम्ही दोघं आणि सासूबाई. मशीन खिडकीपाशी लावलं. तिथे दिवसभर एकसारखा उजेड असतो, काजं करायला झकास.

पहिल्या बायकोचा फोटो जेवणाच्या टेबलासमोर आहे. ती तीन वर्षांपूर्वी आजारपणात गेली. सगळे तिला चिमणी म्हणत. दिसायला छान होती. म्हणजे, बरी होती.

१७ जानेवारी

कपाट अजून चिमणीच्याच कपड्यांनी भरलेलं आणि माझे कपडे खुर्चीवर. शेवटी म्हटलं, कापड चांगलं आहे, माझ्या मापाचे करून घेते. निळ्या ड्रेसची शिवण उसवायला घेतली, तर सासूबाईंनी तो हातातून काढूनच घेतला. म्हणाल्या, "कात्री लावू नकोस. लागतील ते." कोणाला, ते नाही सांगितलं. माझी कंबर तिच्याएवढी होईल अशी आशा असावी! सुतळीसारखी होती मेली. मेली ती खरंच, पण जागा सोडायचं नाव नाही.

२८ जानेवारी

डॉक्टर म्हणाले, या वयात वाट बघत बसण्यापेक्षा मूल आपल्याच क्लिनिकमध्ये करू. मला रडूच फुटलं. पद्धत जरा नवी आहे, म्हणून आमचा विषय क्लिनिकच्या नैतिक समितीपुढे ठेवला होता म्हणे. तिघं सभासद, तिघांचाही होकार. माझ्या बाळासाठी तीन शिकलेली माणसं बसून चर्चा करतात, याचा मला केवढा अभिमान वाटला! इंजेक्शनं सासूबाई देतात. त्या स्वतः डॉक्टर होत्या. हात इतका हलका की कळतही नाही.

२ मार्च

राहिलं! चिमणीची आई भेटायला आल्या. निवृत्त मुख्याध्यापिका, आवाज अजून वर्गातला. माझ्या पोटावर हात ठेवला तो उचलेचनात, आणि ढसाढसा रडल्या. लेक गेली त्याच घरात दुसरीचं कौतुक करायचं म्हणजे केवढं मोठं मन लागतं! मला माझ्या हेव्याची लाज वाटली. जेवताना फोटो समोर आला आणि लाज गेली.

१ जुलै

बाळाशी मी दिवसभर बोलते, मशीनवर बसून गाणी म्हणते. ते ढिम्म हलत नाही. आज डॉक्टर जिना चढताना शिट्टी वाजवत आले आणि पोटात पहिली लाथ बसली. मी आनंदाने ओरडलेच. सासूबाई म्हणाल्या, चिमणीने दार उघडावं म्हणून तो अशीच शिट्टी वाजवायचा. माझ्यासाठी ते बेल वाजवतात. शिट्टीचा हेवा करायची वेळ आली. हसावं की रडावं?

३० ऑगस्ट

चिमणीच्या आईंनी पिशवीतून लहान फ्रॉक काढले, चिमणीचे, लहानपणचे. पिवळा फ्रॉक माझ्या पोटावर पसरला आणि म्हणाल्या, "चिमणे, तुझाच आहे गं."

मला वाटलं, जीभ घसरली. पण सासूबाईंनी त्यांच्याकडे डोळे वटारून पाहिलं. मी विचारलं. औषधाचा डोस समजावावा तसं सासूबाईंनी सांगितलं. आजारपणात चिमणीच्या पेशी काढून गोठवून ठेवल्या होत्या. स्त्रीबीज माझं घेतलं, त्यातला गर काढून टाकला आणि तिच्या पेशीतला भरला. टरफल तेवढं माझं.

मूल नाही. तीच.

३१ ऑगस्ट

डॉक्टरांना विचारलं, समितीत कोण होतं? त्यांनी नजरही खाली घातली नाही. ते स्वतः, त्यांची आई आणि चिमणीची आई. म्हणाले, मूल हवं म्हणालीस, मूल दिलं, फसवलं कुठे? जुळी मुलंही सारखीच असतात, त्यांना कोणी पाप म्हणत नाही. ही नवीनच मुलगी असेल. तासभर बोलले, छान बोलले. मी म्हटलं, मग ते कपाट कोणासाठी राखलंय? तेव्हा उठून खाली क्लिनिकमध्ये गेले.

जाऊ कुठे? जिच्यापासून पळायचं ती पोटात.

१७ सप्टेंबर

ताटात तिच्या आवडीचं. मला ते कधीच आवडलं नाही. सासूबाई विचारतात, आज "ती" नीट जेवली का? डॉक्टर पोटाला कान लावून तिला दिवसभराचं सांगतात. मला काही सांगत नाहीत. मला तिचा हेवा वाटतो, अगदी जळून जाते मी. जेवते मी आणि वाढते ती.

पण आई मलाच म्हणेल. ते त्यांना बदलता येणार नाही. मी लाल झबलं शिवलंय, माझ्या हाताचं.

५ ऑक्टोबर

चिमणीची आई राहायलाच आल्या. मशीन खाली अडगळीत गेलं, खिडकीपाशी पाळणा. मी कुठे झोपणार? सासूबाई म्हणाल्या, "तुझं बघू. आधी बाळंतपण तर होऊ दे."

तुझं बघू —

२१ ऑक्टोबर

निळा ड्रेस काढला. गळ्यापाशी कात्री धरली. आतून तिने जोरात — माझी बोटं उघडली. मी नाही उघडली. कात्री खाली पडली. ड्रेस तसाच —

३ नोव्हेंबर

मुलगी.

क्लिनिकच्या खोलीत आहे. अंगात पिवळा फ्रॉक घातलाय तिच्या. माझं लाल झबलं दिसत नाही. रडत होती. तिघांनी हाक मारली, चिमणे — गप्प झाली.

आत्ता सगळे बाहेर आहेत. आम्ही दोघीच. मी म्हटलं, बाळा, मी आई. तिने डोळे उघडले.

नर्स म्हणाली होती, एवढ्याशा बाळाला काही दिसत नाही. हिला दिसतंय. पायापासून वर, सावकाश — माप घेतल्यासारखं. ही नजर मी ओळखते. जेवताना रोज त्या फोटोकडे मी अशीच —

सवतीकडे बघतात तशी —

बाहेर शिट्टी वाजली. ती दाराकडे वळून हसली. मग माझ्याकडे बघून तिने ओठ उघडले आणि मला हाक मारली, मास्टर —