माझ्या पडण्याचा आवाज अल्बममध्ये ठेवू नये

सोमवार, २० जानेवारी २०२५ रोजी दुपारी तीनच्या सुमारास, नागपूरच्या स्टुडिओत, अण्णाजींनी मान हलवली आणि मला ती दिसली नाही. तिथून माझं सगळं फिरलं.

मी, नागसेन डोमाजी थूल, वय बावीस, राहणार हिंगणघाट, इंजिनिअरिंग चौथ्या सेमिस्टरला सोडलेला, 'वणा ब्लूज पार्टी'चा गिटारवाला, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहितो. डोकं ठिकाणावर आहे. आई म्हणते ते कधीच नव्हतं, पण आज आहे. कोणाचं दडपण नाही. भीती आहे, ती माझी स्वतःची.

आमची पार्टी माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी. अण्णाजी, सूतगिरणीतून निवृत्त, गातात आणि गिटार वाजवतात. मधुकरराव, आधी एसटीचे ड्रायव्हर, ड्रमवर. आम्ही मोजून वाजवत नाही. गाणं रंगलं की लांबतं, आणि अण्णाजींनी मान हलवली की तिघंही थांबतो. एकोणीस वर्षांनी नवा अल्बम करायला स्टुडिओत गेलो, तर तिथल्या पोरांनी तिघांना तीन खोल्यांत बसवलं. अण्णाजी आपल्या खोलीत मान हलवत राहिले. आपण थांबलो तर पोरगं एकटं पडेल म्हणून वाजवतही राहिले. तेविसाव्या मिनिटाला मी गिटारीसकट खाली.

तपासणीत निघालं की हृदयाची एक झडप लहानपणीच खराब झालेली आहे. उद्या सकाळी ऑपरेशन. हृदय थांबवून ठेवतील, तोवर मशीन काम करेल, मग पुन्हा सुरू करतील. मी वाचलो नाही तर पुढीलप्रमाणे व्हावं.

१. गिटार अण्णाजींना. त्यांचीच होती, मी परत केली नव्हती.

२. अँप्लिफायर खालच्या मजल्यावरच्या भैयाजींना. दोन वर्षं ते जिन्यातून ओरडतात, "आवाज कमी कर बे, घर हालून राह्यलं." आता त्यांच्या हाती बटण राहील.

३. बँकेत जे असेल ते आईला, सौ. दीपमाला हिला. बाबांना माझी कॉलेजची पुस्तकं. मी ती विकली असं त्यांना वाटतं, म्हणून दोन वर्षं बोलत नाहीत. पलंगाखाली आहेत, सगळी. काल त्यांनी न बोलता माझ्या पिशवीत स्वेटर ठेवला. तो मी घालून जातो आहे, त्यामुळे त्याची वाटणी करत नाही.

४. हे कलम मुख्य आहे. त्या गाण्याच्या शेवटी माझ्या पडण्याचा आवाज आलेला आहे. आधी तारा, मग धप्प. मधुकररावांना तो ठेवायचा आहे.
"पोरा, असा शेवट कोणाले सुचला असता का? लोकं ऐकून रडतीन."
"अन् मी मेलो तं?"
"तं अजून रडतीन."
मी हेडफोन फेकून मारला. नेम चुकला, काचेला लागला. त्याबद्दल माफी मागत नाही. मी मेल्यावर तो आवाज लोक पुन्हा पुन्हा लावतील, ते मला नको. तो कापावा. मी वाचलो तर शेवट पुन्हा वाजवीन, तिघं एका खोलीत बसून. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळू नये असं वकील सांगतात, म्हणून मधुकररावांनाच साक्षीदार केलं आहे.

५. कुमारी अपेक्षा, अण्णाजींची भाची, सावंगीला फिजिओथेरपी शिकते, हिच्यासाठी. कॉलेज मी संगीतासाठी सोडलं असं सगळ्यांना सांगतो. खरं म्हणजे ती बुधवारी आमच्या सरावाला यायची आणि बुधवारीच माझं प्रॅक्टिकल असायचं. तिला हे कळलं तेव्हा म्हणाली, "मंग आता मी काय तुह्या गिटारीवर पोळ्या लाटू?" तरी परवा मी विचारलंच. म्हणाली, "ऑपरेशन करून ये, मंग सांगीन." उत्तर हो असेल तर माझ्यामागे कोणाला सांगू नये. नाही असेल तरी सांगू नये.

६. मागच्या गुरुवारी मी ह्याच ऑपरेशनसाठी दवाखान्यात भरती झालो होतो. संमतीच्या फॉर्मवर सही मागितली तेव्हा चहा पिऊन येतो म्हणालो आणि बसने सरळ घरी आलो. आई एवढंच म्हणाली, "जेवला का?" मला झडपेची भीती वाटत नाही. त्या मधल्या वेळाची वाटते, जेव्हा छातीत काहीच वाजत नसेल आणि मला ते कळणारही नाही. हे कोणाला देता येत नाही, म्हणून नुसतं लिहून ठेवतो.

वर लिहिलेलं वाचून, समजून, सही केली.

नागसेन डो. थूल

साक्षीदार:
१) मधुकरराव (कलम चार मान्य नाही, तरी सही करतो)
२) प्रेमदास, चहावाले, सरावाच्या खोलीसमोर

सरावाची खोली, हिंगणघाट, जि. वर्धा. बुधवार, १२ फेब्रुवारी २०२५, सकाळी नऊ.

ताजा कलम: दोन्ही साक्षीदार खाली गेले. आई, बाबा आणि अण्णाजी मला दवाखान्यात न्यायला समोर गाडीत बसले आहेत. मागच्या जिन्याजवळ माझी मोटरसायकल उभी आहे, टाकी भरलेली. तिची किल्ली मी या कागदावर ठेवली आहे. या दाराचं कुलूप ओढलं की लागतं आणि त्याची चावी अण्णाजींच्या खिशात आहे. म्हणजे एकदा बाहेर पडलो की किल्लीसाठी आत येता यायचं नाही. उठतो. बाहेर जातो. दार ओढून घेतो.